आपल्या ब्रिज क्लबचा इतिहास कसा लिहावा

क्लबला पंचवीस किंवा पन्नास वर्षं होत आली की स्मरणिका काढायचं ठरतं. अध्यक्षांचं मनोगत, कार्यकारिणीचा फोटो, ढाली हातात घेतलेले विजेते आणि उरलेल्या पानांवर जाहिराती. इतिहासाच्या वाट्याला दीड पान येतं आणि त्याची सुरुवात ठरलेली असते: "काही ब्रिजप्रेमी मंडळी एकत्र आली आणि क्लबचं रोपटं लावलं." ती मंडळी कोण, ती कुणाच्या घरी बसायची, पत्त्यांचे कॅट कुणी आणले, शेवटचा डाव संपायला किती वाजत, यातलं काहीच त्या दीड पानात नसतं.

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या छोट्या क्लबसाठी हे काम आम्ही तिघांनी केलं. दोन वर्षं लागली. त्यातून जे शिकलो ते इथं क्रमानं मांडते आहे, म्हणजे डोंबिवली, वाशी, नेरूळ, मुलुंड, कुठल्याही क्लबला ते वापरता येईल. या कामात माझं एक मत पक्कं झालं, ते आधीच सांगते. ब्रिज क्लबचा इतिहास स्कोअरशीटच्या गठ्ठ्यात असतो, ट्रॉफ्यांच्या कपाटात त्याचा फार थोडा भाग असतो. डुप्लिकेट ब्रिजमध्ये (यात तेच वाटलेले पत्ते टेबलाटेबलांवर फिरतात) त्या संध्याकाळी आलेल्या प्रत्येक जोडीचं नाव आणि तिनं खेळलेल्या प्रत्येक डावाचा निकाल लिहिला जातो. जिंकणाऱ्याइतकीच शेवटून पहिल्या आलेल्याचीही नोंद राहते. बुधवारी संध्याकाळी कोण आलं होतं आणि कुणासमोर कोण बसलं होतं, हे चाळीस वर्षांनी सांगू शकेल अशी दुसरी संस्था मला गावात माहीत नाही.

आधी ठराव करून घ्या

उत्साहाच्या भरात थेट कपाट उघडू नका. कार्यकारी मंडळाच्या बैठकीत दोन ओळींचा ठराव करून घ्या: अमुक तिघांना क्लबचे जुने कागद पाहण्याची, त्यांच्या प्रती काढण्याची आणि सभासदांच्या मुलाखती घेण्याची परवानगी आहे. हा कागद पुढे फार उपयोगी पडतो. माजी खजिनदारांच्या सूनबाईंना तुम्ही कोण, हे माहीत नसतं. सासऱ्यांची फाइल अनोळखी माणसाच्या हाती त्या का देतील?

माणसं तीनच ठेवा. एकाला खेळाची खोलवर जाण हवी, एकाला कागद लावायची शिस्त हवी आणि एकाला माणसांशी बोलता यायला हवं. सात जणांची समिती केली की सात जणांच्या सवडीची तारीख शोधण्यातच पावसाळा निघून जातो. खर्चही सुरुवातीलाच ठरवा. आमचा बराचसा पैसा झेरॉक्स, बॉक्स फाइली आणि रिक्षाभाड्यात गेला, छपाईचा खर्च वेगळा.

कागद कुठं सापडतात

क्लबच्या कपाटात सगळ्यांत कमी सापडतात. जागा बदलताना कपाट रिकामं होतं आणि कागद चिटणिसांच्या घरी जातात. चिटणीस बदलले की अर्धे नव्या चिटणिसांकडे येतात, अर्धे तिथंच माळ्यावर राहतात. म्हणून आजवरच्या सगळ्या चिटणिसांची आणि खजिनदारांची यादी करा आणि एकेका घरी जा. घर बदललं असेल, इमारत पुनर्विकासाला गेली असेल, तर मुलांना फोन करा. ठाण्यातल्या जुन्या इमारती एकामागून एक पाडल्या जात आहेत. घर रिकामं करताना रद्दीवाल्याला पहिल्यांदा दिले जातात ते असेच कागद. आमचे दोन खोके आम्ही पोचायच्या जेमतेम महिनाभर आधी रद्दीत गेले. त्यांत साधारण सहा वर्षांची स्कोअरशीटं होती, हे नंतर कळलं. त्या सहा वर्षांबद्दल आमच्या पुस्तकात दोनच पानं आहेत.

इतिवृत्ताची वही, पावतीपुस्तकं, किर्द, बँकेचं पासबुक, हॉलच्या भाड्याच्या पावत्या, स्पर्धेची परिपत्रकं, फोटो आणि स्कोअरशीटं मिळाली तर बघाच. पण साध्या वाटणाऱ्या गोष्टीही सोडू नका. एका पावतीपुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर चहाचा हिशेब होता: किती कप, कोणत्या टेबलावर. त्यावरून त्या दिवशी सहा टेबलं लागली होती, हे कळलं. इतिवृत्तात त्या संध्याकाळचा उल्लेखही नव्हता.

आपल्याकडच्या दमट हवेत कागदाचे शत्रू ठरलेले: कसर, बुरशी आणि गंजलेल्या टाचण्या. टाचण्या आणि स्टेपल हलक्या हातानं काढा. फाटलेल्या पानाला सेलोटेप अजिबात लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि शाई सोबत घेऊन जाते. लॅमिनेशनही नको. अल्बममध्ये चिकटलेले फोटो ओढून काढण्यापेक्षा अख्ख्या पानाचाच फोटो घ्या. थर्मल कागदावरच्या पावत्या आणि जुने फॅक्स सगळ्यांत आधी स्कॅन करा, त्यांवरची अक्षरं उडत जातात. २६ जुलै २००५ ला ज्यांच्या तळमजल्याच्या घरात पाणी शिरलं होतं त्यांच्याकडे चिकटून एकजीव झालेले गठ्ठे मिळतील. ते जबरदस्तीनं सोडवू नका. सुटतील तेवढीच पानं घ्या.

स्कॅनर नसेल तर मोबाइल पुरतो. खिडकीशी, सकाळच्या उजेडात, कागद सपाट ठेवून, सावली पडू न देता फोटो घ्या. स्कॅनर असेल तर मजकुराला ३०० डीपीआय आणि फोटोंना ६०० डीपीआय ठेवा. फाइलचं नाव वर्ष, महिना, दिवस या क्रमानं द्या, उदाहरणार्थ १९८४-०६-२०-स्कोअर. असं नाव दिलं की संगणक आपोआप त्या क्रमानं लावतो. आणि मूळ कागद ज्याच्या घरचा त्याला परत द्यायचा की क्लबकडे ठेवायचा, हे त्याच दिवशी लिहून घ्या.

तारीख नसलेल्या कागदाची तारीख

अर्ध्याअधिक कागदांवर "बुधवार" एवढंच असतं. अशा वेळी कागद स्वतःच थोडंफार बोलतो. हिशेब आण्यांत असेल तर तो बहुधा १ एप्रिल १९५७ च्या, म्हणजे दशमान नाणी येण्याच्या आसपासचा किंवा त्याआधीचा. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. हॉलच्या पावतीवर "ठाणे नगरपालिका" छापलेलं असेल तर १ ऑक्टोबर १९८२ च्या आधीचा, कारण त्या दिवशी महानगरपालिका झाली. (जुनी पावतीपुस्तकं संपेपर्यंत वापरली जातात, तेवढी सवलत धरा.) नवी मुंबईच्या क्लबांना सिडकोची स्थापना १९७० ची आणि तिथली महानगरपालिका १ जानेवारी १९९२ ची, हे दोन खुंट धरून चालता येईल. लेटरहेडवर "बॉम्बे" असेल तर तो बहुतेक १९९५ च्या आधीचा.

ब्रिजच्या कागदाला यापेक्षा चांगली एक खूण असते आणि ती फक्त खेळणाऱ्यालाच दिसते. डबल झालेल्या (विरोधकांनी दंड वाढवलेल्या), नॉन-व्हल्नरेबल (त्या डावात कमी दंड असलेल्या) कॉन्ट्रॅक्टमध्ये बोलीत कबूल केलेल्यापेक्षा चार हात कमी पडले तर पूर्वी विरोधकांना ७०० गुण मिळत. १९८७ च्या डुप्लिकेट नियमावलीत ते ८०० झाले. पहिल्या तीन हातांचे १००, ३००, ५०० तसेच राहिले, चौथ्यापासून प्रत्येक हाताला २०० ऐवजी ३०० आले. तेव्हा गठ्ठ्यात असा "चार डाउन, डबल" शोधायचा. समोर ७०० असेल तर कागद त्या बदलाच्या आधीचा, ८०० असेल तर नंतरचा. आम्हाला एकाच पुठ्ठ्यात दोन्ही सापडले, सलग पंधरा कागदांच्या अंतरानं. म्हणजे नवा नियम आमच्या क्लबात नेमका कोणत्या आठवड्यांत आला, ते कळलं. त्या रात्री मला झोप आली नाही.

स्कोअरशीट वाचायची कशी

आधी साधी हजेरी काढा. एका वहीत किंवा एक्सेलमध्ये तारीख, टेबलांची संख्या आणि जोड्यांची नावं. एवढंच. दोनशे संध्याकाळी भरून झाल्या की जे दिसतं ते कुणाच्या आठवणीत नसतं. आमच्याकडे एक जोडी सलग अकरा वर्षं एकत्र खेळली आणि नंतर कधीच नाही. दोघं पुढेही क्लबात येत राहिले, वेगवेगळ्या भिडूंसोबत. इतिवृत्तात यावर एक शब्द नाही. कागदानं दिलेला प्रश्न तो. उत्तरासाठी माणसांकडे जावं लागलं.

हजेरीत कंपन्याही दिसतात. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातले इंजिनीयर, स्टोअरकीपर, बँकांतले अधिकारी हेच आमचे जुने सभासद. पाळी बदलली की नावं गायब होतात आणि पंधरवड्यानं परत येतात. पुढे कंपन्या बंद पडत गेल्या, व्हीआरएस आली आणि शनिवारपेक्षा बुधवारी दुपारी जास्त टेबलं लागू लागली. शहरात काय घडत होतं ते आमच्या टेबलांच्या आकड्यांत उमटलेलं आहे. वाशीच्या लोकांची नावं कधी वाढतात, तेही पाहा. ठाणे-वाशी लोकल २००४ मध्ये सुरू झाली. त्याआधी बसनं यावं लागे आणि रात्री परतणं अवघड असे.

मग निकाल तपासा. जुनी बेरीज हातानं केलेली असते, चुका असतात. मॅचपॉइंटचं गणित सोपं आहे: तुमच्या जोडीनं हरवलेल्या प्रत्येक जोडीमागे दोन गुण आणि बरोबरीला एक. एका बोर्डवर, म्हणजे एकाच वाटलेल्या डावावर, सात निकाल असतील तर सर्वाधिक १२, सरासरी ६ आणि सातही उत्तर-दक्षिण जोड्यांच्या (टेबलावरच्या जागांना दिशांची नावं असतात) गुणांची बेरीज ४२ यायलाच हवी. न आल्यास कुठंतरी चूक आहे. "आमच्या क्लबातला सर्वोच्च स्कोअर" असं काही छापायच्या आधी हे करून बघाच. आमच्या भिंतीवर लावलेला एक विक्रम या बेरजेत टिकला नाही. आम्ही संबंधितांच्या घरच्यांना भेटून, नीट समजावून सांगितलं आणि मग दुरुस्त आकडा छापला. त्यांनी मोठ्या मनानं घेतलं.

फक्त बोर्डचा नंबर लिहिलेला असेल तरी हिरमुसू नका. नंबरावरून डीलर (बोली सुरू करणारा) आणि व्हल्नरेबिलिटी ठरलेलीच असते, सोळा बोर्डांनी ते चक्र पुन्हा सुरू होतं. सात नंबरला दक्षिण डीलर आणि दोन्ही बाजू व्हल्नरेबल. १९८० चा सात नंबरही तसाच आणि काल रात्रीचाही.

माणसांकडे जाताना

मुलाखतीत आम्ही पहिल्यांदा केलेली चूक सांगते. वीस प्रश्नांची छापील यादी घेऊन गेलो. चरईतले आमचे एक माजी चिटणीस, वय पंच्याऐंशीच्या पुढे. प्रत्येक प्रश्नाला "हो, चांगले दिवस होते" एवढंच. दुसऱ्या खेपेला यादी घरी ठेवली आणि पत्त्यांचा कॅट नेला. समोर ठेवला. काकांनी बोलता बोलता तो उचलला, पिसला आणि चार ठिकाणी वाटायला सुरुवात केली. हात थरथरत होते, पण तेरा-तेरा बरोबर पडले.

"इथं पश्चिमेला तो बसायचा," रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले. "बोली लावायच्या आधी चष्मा पुसायचा. चष्मा पुसला की समजायचं, पत्ते जोरात आहेत."

"मग काका, कुणी काही बोललं नाही?"

"बोललो ना! कमिटीत घेतलं. वही बघ तू."

वही आम्ही पाहिली होतीच. त्यात एक ओळ होती, आणि ती का घातली ते आम्हाला कळत नव्हतं: "खेळताना सभासदांनी अनावश्यक हालचाली टाळाव्यात." कागदावरची कोरडी ओळ आणि काकांचा चष्मा एकमेकांना मिळाले. असे सांधे सापडले की ते जपा, पुस्तकात जीव तिथूनच येतो.

म्हणून मुलाखतीला जाताना वस्तू न्या: जुनं स्कोअरशीट, ग्रुप फोटो, कॅट. पाऊण तासाहून जास्त बसू नका, थकवा आला की माणूस ठोकळ उत्तरं देऊ लागतो. रेकॉर्डिंग करण्याआधी विचारा आणि परवानगीचं वाक्यही रेकॉर्ड करून ठेवा. प्रश्न लहान आणि ठोस हवेत. "क्लबचं योगदान काय" असं विचारलं की भाषण येतं. त्याऐवजी विचारा: पहिला भिडू कोण? ब्रिज कुणी शिकवला? त्याआधी घरी काय खेळायचात, लाडीस की रमी? दिव्याचं काय, पंखा होता का, पत्ते उडायचे का? शेवटची गाडी पकडायची असायची का? बोली तोंडानं लावत असत तेव्हा, म्हणजे बिडिंग बॉक्स (बोलीच्या कार्डांचे डबे) यायच्या आधी, खोलीत आवाज कसा असायचा? हा शेवटचा प्रश्न मी सगळ्यांना विचारला आणि एकाचंही उत्तर दुसऱ्यासारखं नव्हतं.

ठाण्यात आणखी एक धागा हमखास सापडेल, लोकल गाडीचा. ब्रीफकेस मांडीवर आडवी ठेवून चार जण पत्ते खेळत मुंबईला जायचे आणि त्यातल्याच काहींना कुणीतरी ब्रिज दाखवला. आमच्या संस्थापकांपैकी दोघांची ओळख अशीच डब्यात झाली. दोघांनी सांगितलेल्या गाडीच्या वेळा जुळत नाहीत. दोन्ही छापल्या.

बायकांची गोष्ट वेगळी शोधावी लागते. जुन्या यादीत त्या "सौ. अमुक" किंवा "मिसेस तमुक" म्हणून येतात, स्वतःचं नाव कुठंच नाही. घरोघरी फिरून, सुना-नातींना विचारून नावं मिळवा आणि पुस्तकात पूर्ण नावं छापा. त्यांना विचारायच्या गोष्टीही जास्त आहेत. "पत्ते कुटायला चाललात?" हे त्यांना जसं ऐकावं लागलं तसं पुरुषांना ऐकावं लागलं नाही. आमच्या एका काकू आठ वर्षं पाहुण्यांना चहा देत मागे उभं राहून खेळ शिकल्या. एका संध्याकाळी चौथा गडी आला नाही तेव्हा बसल्या आणि त्या रात्री दुसऱ्या आल्या. तारखेसह स्कोअरशीट आहे.

आठवणीतले डाव मात्र मोजून घ्या. सगळ्या जुन्या खेळाडूंकडे एक थोर स्लॅम (बारा किंवा तेराही हात जिंकल्याचा डाव) असतोच. चारही हात कागदावर मांडा, प्रत्येकी तेरा पत्ते होतात का बघा, मग गुण मोजा: एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २, गुलामाला १. चारही हातांची बेरीज ४० व्हायला हवी. आम्हाला सांगितलेल्या एका डावाची बेरीज ४३ भरली. सांगणाऱ्या काकांना तसं दाखवलं, तर त्यांनी भिडूला फोन लावला. अर्धा तास दोघांचं चाललं. शेवटी बदामची राणी आणि चौकटचा गुलाम परत गेले आणि डाव जमला. डाव जमला नसता तर "आठवणीतला डाव" असं स्पष्ट लिहून छापला असता.

क्लबाबाहेरची तपासणी

क्लब नोंदणीकृत असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात जा. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंद असेल, तर परिशिष्ट एकचा उतारा मिळतो. त्याबरोबर कलम २२ खालचे बदल अर्जही मागा, सगळे त्यांना चेंज रिपोर्ट म्हणतात. कार्यकारिणी बदलली की हा अर्ज द्यावा लागतो. त्यात जुनी नावं, नवी नावं आणि तारखा येतात. इतिवृत्ताची वही हरवलेल्या क्लबाला ही मोठी ठेव आहे. क्लबचा नोंदणी क्रमांक लिहून न्या, नाहीतर फेऱ्या वाढतात.

वर्तमानपत्रांसाठी ग्रंथालय. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं आहे. तिथं किंवा तुमच्या जवळच्या जुन्या ग्रंथालयात स्थानिक दैनिकांचे अंक चाळता येतात का, विचारा. तारीख माहीत असेल तरच जा. आधी स्कोअरशीटवरून स्पर्धेची तारीख काढायची आणि मग पुढच्या चार दिवसांचे अंक मागायचे. मोठ्या स्पर्धांचे निकाल राज्य संघटना आणि ब्रिज फेडरेशन ऑफ इंडियाकडे विचारावेत.

जगाची पार्श्वभूमी थोडीच द्या, पण बिनचूक. आज आपण खेळतो त्या कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत हॅरॉल्ड व्हँडरबिल्टनं १९२५ मध्ये पनामा कालव्यातून जाणाऱ्या बोटीवर बसवली. जागतिक महासंघ १९५८ चा. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धांत ब्रिज पहिल्यांदा आलं आणि पुरुषांच्या जोडी गटात प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी सुवर्ण मिळवलं, तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते. या गोष्टी आपल्या क्लबशी बांधता आल्या तरच घ्या. आमच्या वहीत २०१८ च्या सप्टेंबरनंतर "शिकायचं आहे" म्हणून आलेल्यांची नावं वाढलेली दिसतात, म्हणून ते सुवर्णपदक आमच्या पुस्तकात आलं.

स्थापना कोणत्या दिवशी झाली

यावर सगळ्यांत जास्त भांडण होतं. उपाय साधा आहे: तीन तारखा वेगळ्या लिहा. पहिला खेळ, पहिली लेखी बैठक आणि नोंदणी. तिन्हींमध्ये कित्येक वर्षांचं अंतर असू शकतं. प्रत्येक तारखेखाली तिचा पुरावा लिहा: "सभासदांच्या सांगण्यावरून", "इतिवृत्त, वही क्रमांक १", "नोंदणी प्रमाणपत्र". वर्धापनदिन कोणता मानायचा ते सर्वसाधारण सभेनं ठरवावं, तो इतिहास लिहिणाऱ्यांचा अधिकार नाही. आमच्याकडे दोन ज्येष्ठांनी या मुद्द्यावरून चार महिने बोलणं टाकलं होतं. पुस्तकात दोघांच्या तारखा शेजारी शेजारी आल्या आणि प्रकाशनाला दोघं एकाच टेबलावर बसले.

पैसे, पोलीस, भांडणं

हे टाळू नका. पत्ते म्हणजे जुगार, ही समजूत घेऊन हॉलवाल्यांनी नकार दिल्याच्या, शेजाऱ्यांनी तक्रार केल्याच्या गोष्टी जुन्या क्लबांकडे असतातच. त्या लिहाव्यात आणि कायद्याची बाजूही नीट लिहावी. आपल्याकडचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे आणि निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्यात सूट आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये रमीबाबत निकाल देताना, रमीतला नशिबाचा भाग ब्रिजच्या वाटपातल्या नशिबासारखाच आहे, असं म्हटलं. ज्या कुणाला घरून "जुगारी" हा शब्द ऐकावा लागला, त्याला हे वाचून किती बरं वाटेल!

फसवणुकीचे आरोप मात्र तपासल्याशिवाय छापू नयेत, आणि आरोप झालेली व्यक्ती हयात नसेल तर जास्तच सांभाळा. आम्ही नियम केला होता: दोन स्वतंत्र कागद असतील तरच नाव, नाहीतर प्रसंग लिहायचा, नाव नाही. त्या अकरा वर्षांच्या जोडीचं कारण आम्हाला शेवटी कळलं. दोघांपैकी एकानं सांगितलं आणि लिहू नका म्हणाले. आम्ही लिहिलं नाही. पुस्तकात एवढंच आहे की ते अकरा वर्षं एकत्र खेळले, किती वेळा पहिले आले आणि शेवटची संध्याकाळ कोणती.

लिहायला बसताना

पहिलं प्रकरण स्थापनेपासून सुरू करू नका. एक संध्याकाळ निवडा, जिचं स्कोअरशीट, पावती आणि निदान दोन माणसांच्या आठवणी तुमच्याकडे आहेत. दार कोण उघडतं, टेबलं कुठून येतात, बोर्ड कोण भरतं, निकाल कोण वाचून दाखवतं, हे सगळं क्रमानं लिहा. न खेळणारा वाचकही यात शिरतो. मग मागे जा आणि तिथून पुढे या. डावांची आकृती फार तर सहा-सात, आणि प्रत्येकीखाली डीलर, व्हल्नरेबिलिटी, बोली आणि पहिली उतारी. खेळाचे शब्द क्लबात जसे बोलले जातात तसेच राहू द्या. कुणी इस्पिक म्हणतं, कुणी स्पेड. मुलाखतीत जे आलं ते तसंच ठेवा.

टाळेबंदीला स्वतंत्र प्रकरण द्या. मार्च २०२० मध्ये क्लब बंद झाले आणि लोक बीबीओवर, म्हणजे ब्रिज बेस ऑनलाइनवर, खेळू लागले. सत्तरीतली माणसं नातवंडांकडून टॅब्लेट शिकली. त्या काळातल्या डावांच्या नोंदी अजून खात्यांत असतील तर उतरवून घ्या. आणि जे त्या काळात गेले त्यांची शेवटची संध्याकाळ शोधा. आम्ही शोधली. चार जणांची नावं, तारीख, टेबल क्रमांक आणि भिडू, इतकंच एका पानावर छापलं.

मसुदा तयार झाला की सगळ्यांना वाटू नका. ज्येष्ठांना दोन-तीन बैठकांत वाचून दाखवा. ऐकताना ते मध्येच थांबवतात, "नाही नाही, तो हॉल नाही, त्याच्या मागचा." लेखी प्रतीवर अशी दुरुस्ती येत नाही. छापून झाल्यावर चुका निघणारच, म्हणून शेवटी दोन कोरी पानं ठेवा. एक प्रत ग्रंथालयाला द्या. स्कॅन केलेलं सगळं दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, एक क्लबात आणि एक कुणाच्या तरी घरी वरच्या मजल्यावर.

आणि चालू आठवड्याचे कागदही जपायला घ्या. आता निकाल मशीनवर येतो, व्हॉट्सॲपवर जातो आणि फोन बदलला की गेला. आमच्याकडे खेळ संपला की निकालपत्रक छापलं जातं, वर तारीख आणि टेबलांची संख्या पेनानं लिहिली जाते आणि ते फाइलला लागतं. हे काम क्लबातली सगळ्यांत नवी सभासद करते. गेल्या बुधवारी साडेपाच टेबलं, म्हणजे अकरा जोड्या होत्या, तिनं तसंच लिहिलं आहे.